डोळे मिटा आणि ऐका

धम्मपाल गजभिये सरांना दहावीचा वर्ग दिसत नव्हता, आणि ही गोष्ट दहावीच्या वर्गाला ठाऊक नव्हती. सगळी भीती काय ती एवढ्यातच आहे.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही हं. पुस्तक नाकासमोर धरलं की अक्षर न् अक्षर दिसे. समोरच्या पोराच्या शर्टाचं तुटलेलं बटणही दिसे. पण त्या पोराच्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसलंय, हे दिसत नसे. मान वळवावी तेव्हा कुठे शेजारचा दिसणार, अन् तोवर पहिला गायब. उजेड उतरला की तेवढंही नाही. नागपूरच्या डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, डोळ्याचा पडदा कडेकडेनं वाळत चाललाय, घेर असाच आवळत जाईल, औषध नाही. सरांनी बाहेर येऊन बायकोला, संघमित्राला, चहा पाजला आणि गोंदियाची गाडी धरली.

"सांगून टाका ना शाळेत," संघमित्रा दर दोन दिवसांनी म्हणायची. "तुमी काय चोरी केली का?"

"पक्का मास्तर असतो तर सांगलं असतं. अतिथी आहे मी. अतिथीले काय, उद्यापासून येऊ नका म्हटलं का झालं."

"अन् कुठं पडले-गिडले तर?"

"नाही पडत."

पडत होते ना! अतिथी शिक्षक म्हणजे वर्षावर्षाच्या बोलीवर घेतलेला मास्तर. त्याला रजा नाही, तक्रार नाही आणि आजार तर नाहीच नाही. शाळेच्या पायरीवर ठेचकाळायचं आणि वर हसून म्हणायचं, अरे, बुटाची लेस. सरांच्या बुटाला लेस नव्हती, पण हे कोण पाहतं? रोज सकाळी गेटातून आत शिरताना त्यांना वाटायचं, आज कळणार, आज नक्की कोणाला तरी कळणार. संध्याकाळी बाहेर पडताना वाटायचं, निभलं. अशी दोन वर्षं त्यांनी जीव मुठीत धरून काढली होती.

शाळा मध्य प्रदेशातल्या तिरोडीच्या अलीकडच्या एका गावातली, सरकारी. पोरं घरी मराठी बोलणारी, बाहेर हिंदी बोलणारी आणि इंग्रजीपुढे मुकी होणारी. वर्णन लिहा म्हटलं की सगळ्यांचं एकच. 'इट वॉज अ प्लेझंट मॉर्निंग. अ कूल ब्रीझ वॉज ब्लोइंग.' गाईडातून घोकलेलं. जत्रेचं वर्णन सांगा, कूल ब्रीझ. रेशनच्या दुकानाचं सांगा, कूल ब्रीझ. एकानं तर घराला लागलेल्या आगीच्या वर्णनात कूल ब्रीझ वाहवली होती, आता बोला!

सरांनी गाईडं बंद केली. रोज तास सुरू झाला की ते एकेकाला नाव घेऊन विचारायचे, येताना काय दिसलं? एकच गोष्ट सांगायची, जवळून पाहिलेली. 'ब्यूटिफुल' म्हणेल तो बाकावर उभा राहील. आधी आपल्या बोलीत सांगा, मग मिळून इंग्रजी करू.

"सर, मालगाडीच्या डब्यावर धूळ बसलती, तिच्यावर कोणीतरी बोटानं नाव लिवलं होतं," दीपिका सांगायची. पहिल्या बाकावरची, घारीच्या नजरेची पोरगी.

"नाव कोणतं?"

"अर्धंच होतं सर. पुढचं हातानं पुसलं होतं."

"हे लिही! हात कोणाचा होता ते लिहू नको, दिसला नाही तुले. अंदाजानं काही लिहायचं नाही. जवळ जायचं, पाहायचं, मंग लिहायचं."

पोरांना वाटे, काय भारी पद्धत आहे सरांची. सरांना मात्र आवाजांवरून कळे, आज कोण आलंय, कोण कुठं बसलंय, मागच्या बाकावर काय कुजबुज चाललीय. चाळीस मिनिटं वर्ग बोलता ठेवला की चाळीस मिनिटं सर सुखरूप. भीतीपोटी निघालेली युक्ती होती ती. पण पोरं लिहायला लागली, हेही खरं. सहामाहीला इंग्रजीत असे मार्क पडले की प्राचार्य पटले यांनी पेपर दोनदा तपासायला लावले.

आणि तिथंच घात झाला. ही बातमी बालाघाटला, जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत, पोचली आणि तिथले साहेब यायचं ठरलं.

"गजभिये जी, कल साहब खुद आएंगे," पटले खुशीत येऊन म्हणाले. "बच्चों से कुछ नया लिखवाइए. क्लासरूम में नहीं, बाहर ले जाइए. पुरानी खदान है ना पीछे, वहीं. साहब को बोलूंगा, हमारे बच्चे प्रकृति के बीच सीखते हैं."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. गावामागची ती बंद पडलेली मँगनीजची खदान. कुंपणाची तार लोकांनी कधीच काढून नेली होती. आत कितीतरी पुरुष खोल काळं-हिरवं पाणी.

"सर, वर्गातच केलं तर..."

"काहे? कोई दिक्कत है क्या?"

दिक्कत! त्या एका शब्दानं सरांची पाचावर धारण बसली. पटले सहज विचारत होते हो, पण ज्याच्या मनात चोर त्याला सगळेच पोलीस वाटतात. "नाही नाही," सर म्हणाले, "कुछ दिक्कत नहीं."

शेवटचे दोन तास काढून ते पोरांना घेऊन निघाले. लोकेशच्या खांद्यावर हात टाकून, मोठ्या लाडानं. लोकेशची कॉलर त्या दिवशी टाइट. त्याला काय माहीत, सर त्याच्या चालीवरून खड्डे ओळखत होते ते.

खदानीच्या काठापासून बरंच अलीकडे एक मोहाचं झाड आहे. सरांनी सगळ्यांना तिथं बसवलं आणि बजावलं, इथून पुढं पाय टाकायचा नाही. दगडांचा रंग, ढिगाऱ्यावरची झुडपं, सगळं झालं. लोकेशनं ढिगाऱ्याला जळक्या पोळीचा रंग दिला, त्यावर पोरं हसली. सर जरा सैलावले. होईल म्हणाले मनात, निभेल. तेवढ्यात हिवाळ्याचं ऊन ढिगाऱ्याआड गेलं आणि सरांसमोरचा वर्ग विझला.

आवाज होते, माणसं नव्हती. समोर नुसता करडा काळोख. आत्ता कोणी वही पुढं केली, हे पाहा म्हटलं, तर संपलं. काय करावं? काय सांगावं? अन् त्यांच्या तोंडून निघून गेलं, "चला, आता डोळे मिटा आणि ऐका. मी म्हणेपर्यंत कोणीच उघडायचे नाहीत. पाहून तर सगळेच लिहितात. आज आवाजाचं वर्णन करू."

पोरांना मज्जा वाटली. सगळ्यांनी पटापट डोळे मिटले, दोघा-चौघांनी वरून हातही ठेवले. टिटवी ओरडली. लांब रस्त्यावर ट्रकनं गिअर बदलला. खालून, पाण्याकडून, काहीतरी डुबुक वाजलं, मग ओल्या कपड्यानं दगडावर मारावं तसा आवाज आला, मग पुन्हा एकदा. सर झाडाला टेकून उभे होते. सगळं अंधारलं असताना सगळ्यांच्या बरोबरीनं आपणही अंधारात उभं आहोत, ह्याचं त्यांना बरं वाटत होतं. म्हणून त्यांनी जरा जास्तच वेळ लावला.

"उघडा. दीपिका, काय ऐकलं?"

"सर, ट्रक... सर, खुशी कोठी गेली?"

"कोण खुशी?" सरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच आठवलं. खुशी, शेवटच्या बाकावरची. विचारल्याशिवाय न बोलणारी, आवाज बारीक. आज इथं आल्यापासून तिचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.

"इथंच बसली होती माह्यामागं. तिची वही आहे, ती नाही."

"खुशी!" सरांनी हाक मारली. "खुशी, ए बेटा!"

उत्तर नाही. पोरं धडाधड उठली, एकजण काठाकडे धावला, त्याच्यामागं आणखी दोघं. "थांबा!" सर ओरडले. "कोणी पुढं जायचं नाही! मी पाहतो."

आणि ते गेले. हळूहळू, पाय घासत. पायाखालचा मुरूम सरकायला लागला तेव्हा थांबले. समोर खदान होती, म्हणजे असणार. त्यांच्या डोळ्यांपुढं होता तो नुसता काळा पडदा. त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. खाली पाहिल्यासारखं केलं. मागं सगळा वर्ग श्वास धरून उभा.

"सर, दिसली का?" लोकेशनं विचारलं.

"नाही. इकडे नाही दिसत."

शब्द खोटा नव्हता. नव्हतंच दिसत. पण पोरांनी त्याचा अर्थ घेतला तो सरळ होता. सरांनी पाहिलं, पाण्याकडे खुशी नाही. सगळ्यांच्या जिवात जीव आला. "वो रोड तरफ गई होगी, चलो बे!" लोकेश ओरडला, आणि सगळी पोरं पाठ फिरवून रस्त्याकडे पळायला लागली. खुशी, खुशी, अशा हाका लांब लांब जायला लागल्या.

सर काठावर एकटे राहिले. त्यांच्या पायाखालून मुठीएवढी माती सुटली आणि खाली गेली, आणि ती पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. कशावर तरी मऊ पडली. मग अगदी हलकं, कोणीतरी नाक ओढावं तसं, काहीतरी ऐकू आलं.

खरंच ऐकलं? का भास? ज्याला दिसतं त्यानं वाकून पाहिलं असतं. पोरांना परत बोलवायचं तर काय म्हणून? मी पाहिलं म्हणालो, आता पुन्हा तुम्ही पाहा म्हणून? ती घटकाभराची गोष्ट, पण त्या घटकेत माणसानं काय काय पाहिलं! पटल्यांचं तोंड, बंद झालेली शाळा, संघमित्रा, दारात खुर्ची टाकून बसलेले आपण, आंधळा मास्तर. आणि हाका आणखी लांब गेल्या.

"परत या!" सर बेंबीच्या देठापासून ओरडले. "सगळे परत या! मी पाह्यलं नाही! मले दिसत नाही! मले काहीच दिसत नाही रे!"

पोरं थबकली. परत आली.

"सर, तुमी काहून असं..." दीपिका पुढं आली.

"नंतर विचार. डोळे अधू आहेत माहे, अंधारलं का काही दिसत नाही. खाली कोणीतरी आहे. लोकेश, तू रस्त्यावर पळ, जो ट्रक दिसंल त्याच्यापुढं उभा राह्य, दोरखंड अन् माणसं घेऊन ये. दीपिका, पोटावर झोप, काठाशी सरकत जाय. तुम्ही दोघी तिचे पाय धरा. बाकीचे झाडापाशी. दीपिका, काय दिसते?"

"सर, पाणी आहे. लय पाणी आहे. सर, लय खोल आहे, मले भीती वाटून राह्यली."

"मले बी वाटते. उजवीकडून सुरू कर. एकेक सांग. वर्गात सांगतं तसंच."

दीपिका उजवीकडे वळली. "उजवीकडे... बेशरमची झाडं. मंग मोठा दगड. त्याच्या इकडे माती ताजी आहे सर, ओली, घसरल्यावानी. तिच्यात बोटांच्या रेघा आहेत." तिला रडू फुटलं, पण थांबली नाही. "रेघा खाली गेल्या. खाली पायरी आहे खदानीची, अरुंद. तिथं... सर, पांढरी ओढणी आहे. सर, खुशी आहे! दगडाच्या आड दबून बसली, मुळी धरली तिनं. पाहून राह्यली माह्याकडे. बोलत काहून नाही सर ती?"

"दातखीळ बसली असंल. जिती आहे ना? हलते ना?"

"हलते. पण पायरीची माती सुटून राह्यली, सर. तिच्या पायाखालची."

ट्रकची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. सर काठावर बसले आणि पाय खाली सोडले. पोरी किंचाळल्या. "सांग," सर म्हणाले, "पाय कुठं ठेवू?"

आता ऐका, त्या पोरीनं काय केलं ते. 'सांभाळून' म्हणाली नाही, 'जरा तिकडे' म्हणाली नाही. "डावा पाय, सर. वीतभर खाली, काळा दगड, पक्का आहे. हौ, तोच. आता उजवा... नाही, तिथं नाही, तिथं नुसती माती, आणखी डावीकडे. हाताले मुळी लागंल, अंगठ्याएवढी. लागली? वाळलेली नाही, धरा." सर भिंतीला गाल घासत उतरत होते. मातीची ढेकळं निसटून पाण्यात पडत होती, आणि दर वेळी त्यांना वाटे, हा आता मीच. बूट एकदा सटकला, शरीर सगळं एका हातावर आलं. वर दीपिकाचा आवाज एकदम बंद.

"बोल!" सर खालून ओरडले. "थांबू नको, बोल!"

"गुडघ्यासमोर कपारी आहे सर! गुडघ्यासमोर!"

पायरीवर टेकले तेव्हा त्यांना थंडगार बोटं लागली. खुशीनं त्यांचा दंड असा पकडला की नखं रुतली. तिला भिंतीशी दाबून, स्वतः पाण्याच्या बाजूला होऊन, सर तसेच बसून राहिले. बूड टेकलं तेवढीच जागा. "सर," ती कानाशी पुटपुटली, "तो आवाज कायचा ते समजे नाही. तुमी म्हणता ना, अंदाजानं लिहू नका. म्हणून पाह्याले आलती."

सरांनी तिचं डोकं आपल्या खांद्याशी दाबून धरलं.

ट्रकवाले आले, दोरखंड आला, गाव लोटलं. आधी पोरगी वर गेली, मग सर. वर काय तो कल्ला! लोकांनी सरांना उचलायचंच बाकी ठेवलं. "आप तो हीरो हो गए, गजभिये जी," पटले कानाशी लागले. "कल साहब के सामने पूरा किस्सा मैं सुनाऊंगा." मग आणखी हळू, "बच्चे कुछ बोल रहे थे, आंख-वांख का. वो सब कल के बाद देखेंगे. अभी चुप रहिए."

म्हणजे निभलं होतं. पुन्हा एकदा निभलं होतं! गप्प राहायचं, बस. भीतीच्या जागी हे असं काही बक्षीस मिळेल, असं सरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून खुशीची आई, मैनाबाई, आली. शेतातून धावत आलेली, श्वास लागलेला. पोरीला चाचपून झालं आणि तिनं सरांच्या पायावर डोकं ठेवलं. "सर, तुमी होते म्हणून माही पोरगी वाचली."

सर गडबडून मागं सरकले. "उठा, बाई. मी होतो म्हणूनच ती गेली."

"असं काहून म्हणता?"

"मले दिसत नाही, मैनाबाई. दोन वर्सं झाली. कोणाले सांगलं नाही."

पटले मध्ये पडले, "अरे, सर थके हुए हैं..." मैनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"किती दिसते?"

सरांनी मूठ वळली, आत बारीक भोक ठेवलं आणि डोळ्याला लावून दाखवली. "उजेडात एवढं. आता काहीच नाही."

मैनाबाईनं आपली मूठ तशीच वळली आणि डोळ्याला लावून पोरीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मूठ इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"बाकीची पोरं होती ना तिथं," ती शेवटी म्हणाली. "इतकी पोरं. एकाले बी ती जाताना दिसली नाही?"

सरांनी मान खाली घातली. "त्याइचे डोळे मीच मिटवले होते."

मैनाबाईनं खुशीचा हात धरला आणि चालायला लागली. चार पावलं जाऊन थांबली, मागं न वळताच बोलली, "उद्या साहेब येऊन राह्यला म्हणतात. त्याले हे तुमी सांगजा. तुमी नाही सांगलं, त मी येईन सांगाले."

"मीच सांगीन," सर म्हणाले.

मायलेकी गेल्या. लोकही पांगायला लागले, पटले कोणाला तरी फोन लावत लांब गेले. काळोख पुरता पडला होता. गावाची वाट कोणत्या बाजूला आहे, हे सरांना कळत नव्हतं, आणि नेहमीसारखं खाली वाकून लेस बांधल्याचं सोंग करायची ताकद आता त्यांच्यात नव्हती. त्यांनी हात पुढं केला, उघडा, सगळ्यांसमोर.

"पोराहो," ते म्हणाले, "मले कोणी घरी पोचवून देता का?"